विचारांचा ताठरपणा कमी कसा करायचा? कळतं पण वळत नाही

उंबरठा:

नमस्कार मंडळी, विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज विचारतेच.

वय पंचेचाळिशीच्या पुढे, काम रिपोर्टिंगचं, म्हणजे आकडे गोळा करायचे, तपासायचे आणि वरिष्ठांसमोर मांडायचे. कामात चोख आहे असं सगळेच म्हणतात. पण या वेळच्या रिव्ह्यूमध्ये साहेबांनी स्पष्ट सांगितलं की कामाबद्दल तक्रार नाही पण तुमच्यासमोर नवीन काही मांडायला लोक कचरतात. आणि त्याच सुमारास धाकटी बहीण बोलता बोलता म्हणाली, "ताई, मी तुझ्याशी बोलायला येते तेव्हा तुझा निर्णय आधीच झालेला असतो." हे दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत आणि दोघंही माझं वाईट चिंतणारे नाहीत, त्यामुळे ही गोष्ट झटकून टाकता येत नाहीये.

नेमकं काय होतं ते सांगते, कारण "जरा ओपन माइंडेड हो" हा सल्ला मला खूपदा मिळालाय आणि त्याचं करायचं काय हे कुणी सांगत नाही. टीममधला एक जण परवा म्हणाला की आपण रिपोर्टमध्ये आधी सगळे तक्ते देतो आणि शेवटी निष्कर्ष, त्याऐवजी निष्कर्षच पहिल्या पानावर घेऊया का. त्याचं वाक्य संपायच्या आत ते का जमणार नाही याची कारणं माझ्या डोक्यात तयार होती, आणि ती काही खोटी कारणं नव्हती, प्रत्येकात तथ्य होतं. मला जास्त गोंधळात टाकतं ते हेच. आपण हेका धरतोय असं आतून वाटतच नाही, आपण बरोबर बोलतोय असंच वाटत असतं.

दुसरं म्हणजे ठरलेलं बदललं की मला सहन होत नाही. अकराची मीटिंग चारला ढकलली एवढंच जरी झालं तरी नंतर बराच वेळ आतल्या आत धुसफूस चालू राहते, नुकसान काहीच झालेलं नसतं, उलट तयारीला वेळच मिळालेला असतो, तरीही.

तर विचारायचं हे की हा स्वभावच असतो का, की या वयातही बदलता येतो? आणि रोजच्या रोज करता येईल असं काही आहे का? एक भीतीही आहे ती सांगून टाकते. आज माझ्या कामावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात तो माझ्या काटेकोरपणामुळेच. तो सैल सोडला आणि दर्जा घसरला तर?

कागदीहोडी:

उंबरठाताई, तुम्ही "हट्ट करतेय असं वाटत नाही" असं लिहिलंय ना, ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, तिथूनच सुरू करतो. मी मानसशास्त्र शिकवतो, उपचार करत नाही, हे आधीच सांगतो.

अब्राहम ल्युचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९४२ सालचा एक प्रयोग आहे, मी तो दरवर्षी वर्गात करून घेतो. तीन भांडी आहेत, एकात २१ माप पाणी मावतं, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३. मोजून १०० माप पाणी हवंय. थोडं डोकं खाजवल्यावर सापडतं, १२७ चं भरा, त्यातून २१ चं एकदा भरून काढा, ३ चं दोनदा भरून काढा, उरले १००. मग पाठोपाठ अशीच आणखी काही गणितं देतात, आकडे वेगळे पण युक्ती तीच. आणि मग हळूच एक गणित येतं ज्यात भांडी २३, ४९ आणि ३ ची आहेत आणि पाणी हवंय २०. सराव झालेले बहुतेक लोक काय करतात, ४९ चं भरतात, त्यातून २३ काढतात, मग ३ दोनदा काढतात, उत्तर बरोबर येतं. पण २३ मधून ३ काढले की झालं होतं! ज्यांना आधीची गणितं दिलेलीच नसतात त्यांना हा सोपा रस्ता लगेच दिसतो. पुढे तर असं गणित येतं की २८, ७६ आणि ३ ची भांडी, हवेत २५. इथे जुनी युक्ती लागूच पडत नाही, साधी वजाबाकी आहे, २८ वजा ३. तरी सराव झालेल्यांपैकी बरेच जण अडकून बसतात, काही जण तर म्हणतात की हे गणितच चुकीचं छापलंय.

वर्गात हे होतं तेव्हा मी मुलांचे चेहरे बघत असतो. ती मुलं काही हट्टी नसतात, आळशी नसतात, उलट ज्यांना युक्ती लवकर सापडते तीच जास्त अडकतात. म्हणून सांगतो, ताठरपणा हा बहुतेक वेळा यशातून येतो. तुमची रिपोर्टची पद्धत वर्षानुवर्षं चालली, लोकांनी वाखाणली, त्यामुळे मेंदूने तिचा हमरस्ता करून टाकला. मेंदूची ही काटकसर आहे, प्रत्येक गोष्टीचा पहिल्यापासून विचार करायला लागलो तर दुपारपर्यंतच थकून जाऊ. त्यामुळे सहकाऱ्याने काही सुचवल्यावर जी कारणं तुमच्या डोक्यात उभी राहिली ती विचार करून आलेली नव्हती, हमरस्त्यावर उभी असलेली तयार कारणं होती. तथ्य असतं त्यांच्यात, नाही असं नाही. फक्त ती एकाच बाजूची असतात.

यावर मला उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे स्वतःला "मी चुकतेय का" असं विचारायचंच नाही. त्या प्रश्नाने माणूस लगेच बचावात जातो. त्याऐवजी विचारायचं की मी आज या जागेवर नवीन रुजू झाले असते, आधीची एकही फाइल पाहिलेली नसती, तर हा रिपोर्ट कसा मांडला असता? या प्रश्नात कुणाचा अपमान नाही, जुनी पद्धत वाईट होती असंही म्हणायचं नाहीये. उत्तर पुष्कळदा "आत्ता आहे तसाच" असंही येईल, येऊ दे. पण ते आता निवडून आलेलं असेल.

मीटिंग पुढे ढकलल्यावरची चिडचिड हा मात्र वेगळा प्रकार आहे, त्याला हा उपाय चालणार नाही. तिथे अडचण युक्तीची नाही, मागणीची आहे. ठरलेलं ठरल्याप्रमाणे व्हावं ही इच्छा असणं अगदी रास्त आहे. ती इच्छा कधी नकळत हुकूम होऊन बसते हे बघायचं. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात जी पद्धत मांडली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, तिचा सगळा भर यावरच आहे की घटनेने माणूस जितका अस्वस्थ होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त "असं व्हायलाच नको होतं" या हट्टाने होतो. धुसफूस सुरू झाली की कागदावर एक ओळ लिहून बघा, नेमकं कोणी काय करायला हवं होतं अशी माझी मागणी होती? लिहिल्यावर ती मागणी बहुतेक वेळा "मला न विचारता कुणी वेळ बदलू नये" अशी काहीतरी निघते, आणि मग लक्षात येतं की राग चारच्या मीटिंगचा नव्हताच, आपल्याला गृहीत धरल्याचा होता. तसं असेल तर मग सरळ बोलता येतं ना, की बदल करताना मला आधी कळवत जा. बघा, हा ताठरपणा सोडायचा प्रश्नच राहिला नाही, बोलायचा प्रश्न झाला.

वयाचं म्हणाल तर काळजी करू नका. एका कामातून दुसऱ्यात डोकं वळवायचा वेग वयाबरोबर थोडा कमी होतो हे खरं, पण तुम्ही ज्याबद्दल विचारताय तो वेगाचा मामला नाहीच.

ठाम_मत:

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका.

हल्ली लवचीकपणाच्या नावाखाली जो उठतो तो सगळ्याला हो म्हणायला सांगतो. मी आयुष्यभर तपासणीचं काम केलंय, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम नियमाप्रमाणे आहे की नाही ते बघायचं. तिथे "जरा समजून घ्या ना साहेब" असं म्हणणारे रोज भेटायचे. त्या प्रत्येकाला समजून घेतलं असतं तर त्या तपासणीला काही अर्थच राहिला नसता. मोडेन पण वाकणार नाही अशी माणसं कुठेतरी असावी लागतात, आणि आकड्यांच्या कामात तर असावीच लागतात. उंबरठा यांच्या साहेबांना लोक कचरतात याचं वाईट वाटतंय, पण कचरणारे लोक नेमकं काय मांडायला येत होते हेही बघायला हवं. प्रत्येक नवीन सूचना चांगलीच असते असं थोडंच आहे.

ताई, तुमची दर्जाची भीती मला पटते. ती सोडू नका.

कागदीहोडी:

@ठाम_मत, तुमचा मुद्दा अजिबात उडवून लावण्यासारखा नाही. पण तुम्ही जे जपलंत ते तत्त्व होतं. तत्त्व कोणतं आणि सवय कोणती हे वेगळं काढता आलं तर तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं यांत भांडण राहत नाही. आकडा खोटा लिहायचा नाही, न तपासता पुढे पाठवायचा नाही, हे तत्त्व. निष्कर्ष शेवटच्या पानावर, ही सवय. गंमत अशी की सवय मोडायची वेळ आली की मनाला ते तत्त्व मोडल्यासारखंच टोचतं, आतून दोन्हींत फरक जाणवत नाही, म्हणून तो बाहेर कागदावर काढून बघावा लागतो.

पोटातल्या अल्सरचं उदाहरण घ्या. कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळी ठामपणे मानत होती की अल्सर होतो तो मानसिक ताणाने आणि ॲसिडने, जठरातल्या ॲसिडमध्ये जंतू टिकूच शकत नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी म्हटलं की जंतू आहेत, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आणि बहुतेक अल्सर त्यांच्यामुळेच होतात. कुणी मनावर घेईना तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच ते जंतू असलेलं द्रावण पिऊन पाहिलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. पुढे २००५ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. आता विरोध करणारे डॉक्टर काही वाईट नव्हते, पेशंट बरा झाला पाहिजे हे त्यांचं तत्त्व पक्कं होतं. तेच तत्त्व धरून बघितलं असतं तर अँटिबायोटिकची शक्यता तपासायला काहीच हरकत नव्हती. ते अडले ते "आम्ही असाच उपचार करतो" या सवयीपाशी.

घोडा_अडीच_घरं:

वरचं सगळं वाचलं, भांड्यांचं गणित स्वतः करून बघितलं आणि ४९ मधूनच वजा करत बसलो :) त्यावरून बुद्धिबळाचं आठवलं.

२००८ मध्ये बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या तिघांचा एक अभ्यास आला होता, विषय निघाला की मी तो हमखास सांगतो. तयारीच्या खेळाडूंना एक डाव दिला आणि सांगितलं, कमीत कमी चालींत मात करा. त्या डावात एक प्रसिद्ध मात होती, स्मदर्ड मेट म्हणतात ती, म्हणजे राजा स्वतःच्याच सोंगट्यांमध्ये गुदमरतो आणि घोडा येऊन मात करतो, कुठल्याही मुरलेल्या खेळाडूला ती डोळे मिटून दिसते. पण त्याच पटावर तिच्यापेक्षा कमी चालींची, कमी ओळखीची दुसरी मातही होती. खेळाडूंना पहिली लगेच सापडली. मग ते म्हणाले, आम्ही आता आणखी छोटी शोधतोय. आणि इथे खरी गोष्ट आहे, त्यांचे डोळे कुठे फिरतायत ते यंत्राने टिपलं जात होतं, आणि डोळे परत परत त्याच घरांवर जात होते जी पहिल्या मातीसाठी लागत होती. ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण शोधतोय! आणि पटावर थोडा बदल करून ती प्रसिद्ध मात अशक्य केली की त्याच तोडीच्या खेळाडूंना छोटी मात सापडत होती.

मी यातून माझ्यापुरतं असं घेतलं की "मी मोकळ्या मनाने विचार करतोय" ही भावना पुरावा म्हणून धरायचीच नाही. ती भावना प्रत्येकालाच असते. उंबरठा यांनी लिहिलंय ना की आतून हट्ट वाटतच नाही, अहो कुणालाच वाटत नाही. म्हणून भावनेवर न विसंबता काहीतरी करावं लागतं, आणि सगळ्यात सोपं म्हणजे पहिलं उत्तर पटावरून उचलून बाजूला ठेवायचं. फेकायचं नाही. फक्त असं धरून चालायचं की हा मार्ग आज बंद आहे, आता काय करशील? मी काम करताना हे अक्षरशः करतो, पहिलं सुचलेलं कागदावर लिहितो, कागद उलटा करून ठेवतो आणि मग दुसरं शोधतो. लिहून ठेवलं की ते हरवेल ही भीती जाते आणि डोकं ते सोडायला तयार होतं. दुसरं उत्तर कधी चांगलं निघतं, कधी फालतू निघतं आणि मग पहिलंच घेतो.

आणखी एक, मतांच्या बाबतीत. अमेरिकेत १९७९ मध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्हीकडचे लोक घेतले आणि सगळ्यांना तीच दोन संशोधनं वाचायला दिली, एक बाजूने जाणारं, एक विरोधात. वाटेल की वाचून दोघं जवळ आले असतील, पण झालं उलटंच, दोघंही आपापल्या बाजूला आणखी सरकले, कारण आपल्या बाजूचं संशोधन प्रत्येकाला भक्कम वाटलं आणि दुसऱ्याच्या संशोधनात खोट दिसली. मग १९८४ मध्ये यातल्याच दोघांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर पुढचा प्रयोग केला. काहींना नुसतं सांगितलं, निःपक्षपाती राहा. काहीही फरक पडला नाही. दुसऱ्यांना सांगितलं की प्रत्येक पायरीला स्वतःला विचारा, याच संशोधनाचा निकाल बरोबर उलटा आला असता तरी मी त्याला असंच जोखलं असतं का? इथे मात्र फरक पडला. "ओपन माइंडेड हो" हा सल्ला का कामाला येत नाही त्याचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. तो सल्ला चुकीचा नाही, पण त्यात करायचं काय तेच नसतं.

ताई, रिपोर्टच्या बाबतीत हे असं विचारता येईल: आपल्याकडे आधीपासून निष्कर्ष पहिल्या पानावर असते आणि त्या मुलाने ते शेवटी न्यायला सुचवलं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @घोडा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी खरंच थांबले. तसं असतं तर मी म्हटलं असतं की वरिष्ठांना वेळ नसतो, निष्कर्ष शेवटी नेले तर वाचणार कोण! म्हणजे तेव्हाही माझ्याकडे पक्की कारणं असतीच.

@ठाम_मत, तुमचाही आधार वाटला, तत्त्व आणि सवय अशी यादी करायला घेतली आहे. सवयींची बाजू जास्त भरतेय.

पण एक अडचण आहे. हे सगळं निवांत बसल्यावर पटतं. त्या क्षणी, समोर माणूस बोलत असताना, तोंडातून "नाही" कधी निघून जातं ते कळतच नाही. कळतं पण वळत नाही म्हणतात ना तसं. त्याचं काय करायचं?

दुपारचं_ऊन:

याचं उत्तर मी देते, कारण मी आयुष्यभर अशा माणसाबरोबर राहिलेय, माझे बाबा. पुस्तकी काही सांगता येणार नाही, बघितलंय ते सांगते.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा भावाने सुचवलं की तुमचा पलंग वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत आणूया, जिने नकोत. बाबा ताडकन म्हणाले, काही गरज नाही. भावाने कारणं द्यायला सुरुवात केली, डॉक्टर काय म्हणाले, रात्री उठावं लागलं तर काय, आणि प्रत्येक कारणाबरोबर बाबा आणखी घट्ट होत गेले, शेवटी दोघांचे आवाज चढले. आई मात्र एक शब्द बोलली नाही. तिला ठाऊक होतं. संध्याकाळी बाबा स्वतःच खालच्या खोलीत जाऊन उभे राहिले, खिडकीकडे बघितलं, भिंत हाताने मोजली आणि म्हणाले, "पलंग इथे लावला तर उजेड तोंडावर येईल, डोकं त्या बाजूला करावं लागेल." झालं. पलंग खाली आला. सकाळचं "नाही" हा त्यांचा निर्णय नव्हताच, दचकल्यावर माणूस हात वर करतो तसलं ते होतं. पण भाऊ त्यालाच निर्णय समजून भांडत बसला आणि मग बाबांनाही ते लढवावं लागलं.

तर उंबरठाताई, तुमच्या तोंडून जे "नाही" निघतं ते तुम्हीही निर्णय समजू नका. ते थांबवायला जाल तर थांबणार नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. पण त्याच्या जागी दुसरं वाक्य बसवता येतं, "मला यावर विचार करायला उद्यापर्यंत वेळ दे." बस एवढंच. हे वाक्य पाठ करून ठेवा. आणि "नाही" निघूनच गेलं असेल तर मागाहून बोलता येतं, "मी आत्ता पटकन नाही म्हटलं, पण उद्या पुन्हा बोलू." आणि मग दुसऱ्या दिवशी खरंच बोला, आपणहून, समोरच्याने आठवण करायची वाट न बघता. नाहीतर "उद्या" म्हणजे नकारच असा अर्थ लोक लावतील.

आणि बहिणीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते, ताठर माणसाच्या घरच्यांना त्याने प्रत्येक वेळी आपलं ऐकावं असं वाटत नसतं हो. आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं एवढं कळलं तरी पुरतं. बहीण काही सांगायला आली की आपलं मत द्यायच्या आधी तिचंच म्हणणं तिला सांगून बघा, म्हणजे तुझं असं म्हणणं आहे का? ती "हो, अगदी हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही. बाबांनी म्हातारपणी का होईना हे माझ्याशी करायला सुरुवात केली होती. त्यांचं मत बदलायचं नाही बहुतेक वेळा. पण मी त्यांच्याकडे जायला लागले होते.

कागदीहोडी:

दुपारचं_ऊन, फार सुंदर लिहिलंत.

कळतं पण वळत नाही यावर थोडी भर घालतो. एक जुनी चाचणी आहे, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट, १९४८ च्या सुमाराची. पत्त्यांवर आकृत्या असतात, रंग वेगळे, आकार वेगळे, संख्या वेगळी. पत्ते जुळवत जायचे, पण कशावरून जुळवायचे ते सांगत नाहीत, फक्त बरोबर की चूक एवढंच सांगतात. तुम्हाला कळतं की रंगावरून जुळवायचेत, तुम्ही तसं करत जाता आणि मग न सांगता नियम बदलतो, आता आकारावरून. ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये मेंदूचा पुढचा भाग शस्त्रक्रियेत काढलेल्या पेशंटना ही चाचणी दिली, तर "चूक, चूक" असं ऐकू येऊनही ते रंगावरूनच जुळवत राहिले. म्हणजे कळणं आणि वळणं ही खरंच वेगवेगळी कामं आहेत, आणि वळायच्या कामात कपाळामागचा तो भाग लागतो. तुमचा आमचा तो भाग शाबूत आहे हो, पण अपुरी झोप, घाई, ताण यांनी तो सगळ्यात आधी ढेपाळतो आणि माणूस सवयीच्या वाटेवर जातो. त्यामुळे तुमचं "नाही" कुठल्या वेळी जास्त निघतं ते बघा. महिनाअखेरीला आकडे बंद करायच्या दिवशी कुणी नवीन कल्पना घेऊन आलं तर ती त्या दिवशी ऐकायचीच नाही, सरळ सांगायचं की परवा ये, तेव्हा माझं डोकं जागेवर असेल. हा मला तरी लवचीकपणाच वाटतो.

आणि सराव करायचा तर बिनमहत्त्वाच्या गोष्टींत करा. फाइलची मांडणी, कामांचा क्रम, मीटिंगमध्ये नेहमीची खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसणं. आधी स्वतःशी अंदाज लिहा, याने काय बिघडेल? मग करा आणि खरंच काय बिघडलं ते शेजारी लिहा. नुसतं "काही बिघडत नाही" असं स्वतःला समजावून मन ऐकत नाही, त्याला आपल्याच अक्षरातले दोन रकाने शेजारी शेजारी दिसावे लागतात. काही वेळा खरंच काहीतरी बिघडेल. तेही लिहा, म्हणजे काटेकोरपणा नेमका कुठे लागतो तेही कळेल.

ठाम_मत:

दोन रकान्यांचं आवडलं. तपासणीतही आम्ही तेच करायचो, अपेक्षित आणि प्रत्यक्ष. स्वतःवर लावायचं कधी सुचलं नव्हतं.

शांत_नदी:

मी नेहमी वाचते फक्त, पण इथे विचारावंसं वाटलं. माझे सासरे सत्तरीचे आहेत. आधी अगदी मिळून मिसळून घेणारे होते, पण गेल्या काही महिन्यांत फार हटवादी झालेत. एकच गोष्ट लावून धरतात, जरा बदल केला की भडकतात. त्यांना हे दोन रकान्यांचं वगैरे सांगू का? कसं सांगू?

कागदीहोडी:

शांत_नदी, नको, त्यांना यातलं काही सांगायला जाऊ नका. तुमचा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस आयुष्यभर असाच आहे त्याची गोष्ट निराळी, आणि जो मोकळा होता आणि उतारवयात काही महिन्यांत बदलला त्याची निराळी. असा बदल हा स्वभाव नसून आजाराचं लक्षण असू शकतो, डिप्रेशन असू शकतं, डिमेन्शियाची सुरुवात असू शकते, त्यातल्या काही प्रकारांत तर विसरण्याच्या आधी स्वभावच बदलतो. कधी कारण अगदी साधं निघतं, ऐकू कमी येत असतं, बोलण्यातला अर्धा भाग कळत नाही आणि मग माणूस सावधपणे सगळ्यालाच नाही म्हणतो. घाबरून जाऊ नका, पण लांबणीवरही टाकू नका. आधी फॅमिली डॉक्टरांकडे न्या, कान तपासून घ्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर ठेवा कारण काही औषधांनीही असं होतं. आणि बदल साधारण कधीपासून जाणवला, आधी काय करायचे आणि आता काय करतात, हे प्रसंगासकट लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. ते यायला तयार नसतील तर "तुमच्या स्वभावासाठी" असं चुकूनही म्हणू नका, कान आणि बीपी तपासायला जाऊया एवढंच म्हणा, ते खरंही आहे.

शांत_नदी:

ऐकायला कमी येतंय अशी शंका सासूबाईंना होतीच. याच आठवड्यात वेळ घेते.